पाचामुखी परमेश्वर की बारभाईंची खेती?

बऱ्हाणपूरला कोणी पाहुणा आला म्हणजे त्याला तीन गोष्टी घडवावयाच्या, असा आमच्या जुन्या मराठी घरांतून शिरस्ता आहे. तापीकाठचा शाही किल्ला दाखवावयाचा, लालबागेकडे नेऊन कुंडी भंडाऱ्यात उतरवावयाचे, आणि परतताना मावा जलेबी खाऊ घालावयाची. पहिली दोन दर्शने कधीमधी चुकतात. तिसरे चुकल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गेल्या हिवाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा मात्र त्याने हा क्रम मोडला. "मामा, आधी कुंडी भंडारा," असे म्हणून तो हातपाय धुण्यापूर्वीच निघावयास तयार झाला.

हा भाचा पुण्याच्या एका कंपनीत आहे. तेथे तो नेमके काय करतो हे त्याच्या आईला आजवर सांगता आलेले नाही. मी सरळ त्यालाच विचारले. तो म्हणाला, "दहा माणसे एकत्र बसविली तर ती एका शहाण्या माणसाहून शहाणी ठरतात की नाही, आणि ठरत असतील तर केव्हा, हे पाहणे माझे काम."

"आणि याचा पगार देतात?"

"देतात, मामा. चांगला देतात."

मी गप्प बसलो. आमच्या गावात हे काम ओट्यावर बसून फुकट होत आले आहे.

कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगावयास हवे. माळावर एका रेषेत विहिरीच्या कठड्यासारखी गोल तोंडे दिसतात. त्यांना आम्ही कुंड्या म्हणतो. अशा शंभरावर कुंड्या आहेत. वरून पाहणाऱ्याला वाटते, कोणा हौशी माणसाने एकापुढे एक विहिरी खणण्याचा सपाटा लावला असावा. पण एका कुंडीत पाहुण्यांसाठी पाळणा बसविलेला आहे. तो ज्या दिवशी चालू असेल त्या दिवशी सुमारे ८० फूट खाली उतरावे, म्हणजे उलगडा होतो. खाली सर्व कुंड्या एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. सातपुड्याच्या अंगाने तापीकडे जमिनीच्या पोटातून जे पाणी झिरपत जाते ते हा बोगदा वाटेत अडवितो आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे, जाली करंजाच्या हौदापर्यंत आणून सोडतो. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले, पायाखाली स्वच्छ पाणी, आणि काही अंतरावर पुढच्या कुंडीतून उतरलेला उजेडाचा गोल. तो ओलांडला की काळोख, मग पुन्हा एक गोल. बरेच लोक याला 'खुनी भंडारा' म्हणतात, आणि २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तो त्याच नावाने गेला. आमच्या घरी कोणी तसे म्हटले असते तर आजीने देवापुढे दिवा लावून मगच पाणी प्यायले असते.

हे काम १६१५ सालचे. जहांगीर बादशहाचा अंमल, आणि येथे सुभेदार अब्दुल रहीम खानखानान. तोच दोहे रचणारा रहीम. सैन्यानिशी येथे तळ देणाऱ्या सुभ्याला पाणी पुरेना. नदी होती, पण नदीचे पाणी शत्रू बिघडवू शकतो ही भीती होती. तेव्हा इराणकडील एका भूस्तरज्ञाने जमीन पारखून ही योजना आखली असे सांगतात, आणि त्याचे नाव तबकुतुल अर्ज असे देतात. येथे मला नेहमी एक गंमत वाटते. 'तबकात-उल-अर्ज' याचा शब्दशः अर्थच 'जमिनीचे थर' असा होतो. म्हणजे ज्या एका माणसाचे नाव आम्ही चारशे वर्षे जपून ठेवले, ते माणसाच्या नावापेक्षा त्याच्या विद्येच्या नावासारखे अधिक वाटते. आणि ज्यांनी प्रत्यक्ष कुदळ मारली त्यांचे तर नावही नाही.

भाच्याने खाली उभे राहून पहिला प्रश्न तोच केला. "हे केले कोणी?"

मी सुभेदाराचे नाव सांगितले, इराण्याचे सांगितले. तो म्हणाला, "तसे नव्हे. हे दोघे रोज खाली उतरले असतील का?"

अशा भुयारी कालव्यांची विद्या मूळ इराणची. तेथे डोंगराकडच्या पहिल्या विहिरीला 'मादर-चाह', म्हणजे आईविहीर म्हणतात. कामाची रीत अशी की ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी घ्यावयाच्या आणि तळाशी एकीकडून दुसरीकडे बोगदा खणीत जावयाचे. वरून ओळंबा सोडून खोली राखावयाची. बोगदा सरळ जातो की नाही हे पाहण्यासाठी मागे दोन दिवे ठेवावयाचे. खणणाऱ्याने मागे वळून पाहिले असता दोन्ही ज्योती एकामागे एक दिसल्या पाहिजेत. दिव्याचा दुसरा उपयोग असा की ज्योत मंदावू लागली म्हणजे हवा कमी पडली, वर निघा. उतार फार झाला तर पाणी तळ खरवडून काढते, कमी झाला तर गाळ साचतो. शंभर कुंड्यांच्या रांगेत एकाने जरी आपल्या कुंडीपुरती मर्जी चालविली तरी पाणी तेथेच थांबेल. उलट, खालच्या मातीचा रंग बदलला, दगड लागला, कडेने अवचित झरा फुटला, हे जो पाहतो तो वरचा इराणी नव्हे. तो खालचा कुदळवाला. त्याने ते वर सांगितले नाही, किंवा वरच्याने ते ऐकले नाही, तर जगातील सारी भूस्तरविद्या फुकट.

एक गोष्ट आमच्या शाळांतून सांगितली जात नाही. खानखानान ज्याच्याशी लढत होता तो मलिक अंबर त्याच दशकात तिकडे खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, असाच भुयारी नहर खणवीत होता. वर तलवारी चालल्या होत्या आणि जमिनीखाली दोन्ही शत्रूंची एकच युक्ती. अशी विद्या कोणाही एका डोक्यात जन्मत नाही, आणि ती कोणाच्या हद्दीतही राहत नाही.

संध्याकाळी जलेबी झाल्यावर (ती चुकली नाही) भाचा आपल्या शास्त्राकडे वळला. मी त्याला म्हटले, "आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक म्हणते, पाचामुखी परमेश्वर. दुसरी म्हणते, बारभाईंची खेती. दोन्ही आजीच्या तोंडी होत्या, आणि तिला त्यांत काही विसंगती वाटत नसे. तुझे शास्त्र यांपैकी कोणती खरी मानते?"

तो हसून म्हणाला, "दोन्ही. कोणती केव्हा खरी, एवढेच शोधावयाचे आहे."

बारभाई म्हटले की मराठी माणसाला नुसती शेती आठवत नाही, १७७४ साल आठवते. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांविरुद्ध नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी मंडळींनी एकत्र येऊन राज्य सावरले ते बारभाईंनीच. म्हणजे बारभाईंची एक खेती तरी पिकली होती. पुढे सखारामबापूंना नानांच्याच कारकिर्दीत कैद पाहावी लागली ती कथा निराळी.

भाच्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी पहिली मला आवडली ती तिच्यातील खोडीमुळे. इंग्लंडात प्लिमथ येथे १९०६ साली जनावरांचे प्रदर्शन भरले होते. एक लठ्ठ बैल उभा केला होता, आणि कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल याचा अंदाज सहा पेन्सांच्या तिकिटावर लिहून द्यावयाचा होता. त्यात खाटीक होते, शेतकरी होते, आणि बैलाशी ताटापलीकडे संबंध नसलेलेही होते. फ्रान्सिस गाल्टन या वृद्ध शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटे मागून घेतली. सामान्य लोकांच्या बुद्धीविषयी या गृहस्थाचे मत फारसे चांगले नव्हते. असल्या लोकांनी मते देऊन राज्य चालवावयाचे म्हणजे काय, हे त्यास पाहावयाचे होते. वाचता येण्याजोगी तिकिटे ७८७ निघाली. ती चढत्या क्रमाने लावून त्याने बरोबर मधले तिकीट काढले. त्यावर १२०७ पौंड होते. बैल भरला ११९८. पुढे सर्व तिकिटांची सरासरी काढली तर ती ११९७! गाल्टनने हे सारे १९०७ साली 'नेचर' साप्ताहिकात प्रामाणिकपणे छापले. आपल्या मताविरुद्ध निघालेला निकाल स्वतःच छापावयाचा, याला मी तरी मोठेपणा म्हणतो.

"म्हणजे पाचामुखी परमेश्वर," मी म्हणालो.

"थांबा. त्या ७८७ जणांनी एकमेकांच्या तिकिटात डोकावले नव्हते. समजा, पहिल्यांदा गावच्या पाटलाने मोठ्याने सांगितले असते की बैल दोन हजार पौंडांचा आहे, मग?"

हा प्रश्न त्याने सहज विचारला. मला मात्र तो लागला. का, ते आता सांगतो. आमच्याकडच्या एका जुन्या वाचनालयाची ही हकिकत आहे. नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि दोष त्या संस्थेचा नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी ऐन वैशाखात त्या वाचनालयाच्या नळाचे पाणी गेले. आवारात एक जुना आड होता, पण तो गाळाने आणि पाचोळ्याने भरलेला. कार्यकारी मंडळाची बैठक बसली. आम्ही नऊ जण होतो. अध्यक्ष वयाने, विद्येने, मानाने सर्वांहून मोठे. मी त्यांना काका म्हणत असे, कारण त्यांचे नि माझ्या वडिलांचे मैत्र होते. चहा आला, आणि काकांनी प्रथमच सांगितले, "ईशान्य कोपऱ्यात बोअर घ्यावा असे मला वाटते. आपले काय म्हणणे?"

आमचे काय म्हणणे! नऊपैकी आठ माना हलल्या. त्यांत माझीही होती. वास्तविक मला ठाऊक होते की त्या कोपऱ्याला लागून आमच्या आजीचे माहेर होते, आणि तिच्या लहानपणी तेथे विहीर खणावयास घेतली तेव्हा कातळ लागून काम सोडून द्यावे लागले होते. ही गोष्ट ती शंभर वेळा सांगत असे. मी ती त्या दिवशी एकदाही सांगितली नाही. काका बोलल्यावर मी काय बोलणार? शिवाय वाटले, इतरांना कोणालाच शंका नाही, त्या अर्थी मीच चुकत असेन.

यंत्र आले, दोन दिवस धडधडले. ४०० फुटांपर्यंत गेले आणि पांढरी भुकटी वर आली. पाणी नाही. पैसे गेले ते जुन्या मासिकांच्या आणि पोथ्यांच्या बांधणीसाठी वेगळे काढून ठेवलेले होते. बांधणी पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या पावसाळ्यात मागल्या खोलीतील दोन कपाटे वाळवीने खाल्ली. त्यांत माझ्या आजोबांनी दिलेली बाडे होती. दार उघडले तेव्हा पुठ्ठे शाबूत होते आणि आत माती. नंतर एकेकाशी बोलताना कळले की नऊपैकी चौघांना तरी त्या कोपऱ्याविषयी शंका होती. आणि जो शिपाई वीस वर्षे ते आवार झाडीत होता त्याला कोणी विचारलेच नव्हते. बैठकीत चहा त्यानेच आणला होता.

ही कथा मी भाच्याला त्या रात्री सांगितली. तो म्हणाला की यावर प्रयोग झालेले आहेत. २०११ साली झुरिच येथे १४४ विद्यार्थ्यांना असे प्रश्न घातले गेले की ज्यांचे उत्तर कोणाला पाठ नसते. इटली आणि स्वित्झर्लंड यांची सरहद्द किती लांब, अशा जातीचे. काहींना इतरांची उत्तरे दाखविली, काहींना नाही. ज्यांना दाखविली त्यांची उत्तरे एकमेकांच्या जवळ सरकत गेली. ती अधिक बरोबर मात्र झाली नाहीत. आणि गंमत अशी की आपण बरोबर आहोत ही त्यांची खात्री वाढली! आमच्या नऊ जणांची खात्री त्या दिवशी किती होती ते मला आठवते. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याचा ठराव एका मिनिटात पास झाला होता.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो २०१० साली 'सायन्स' या पत्रात आला. ६९९ माणसांचे दोन ते पाच जणांचे गट करून त्यांना तऱ्हेतऱ्हेची कामे दिली. गटातला सर्वांत हुशार माणूस किती हुशार, यावर गटाचे यश फारसे अवलंबून नव्हते. अवलंबून होते ते यावर, की समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याचे मन ओळखणारी माणसे गटात किती. बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळते की एकदोघेच बोलत राहतात. आणि गटात बायका किती. या शेवटच्या गोष्टीवर पुढे बराच वाद झाला, आणि इतर काहींच्या प्रयोगांत पहिल्या निष्कर्षांना तितकीशी पुष्टी मिळाली नाही, हेही भाच्याने सांगितले. आमच्या मंडळात तेव्हा एकही बाई नव्हती. ही आतल्या दारातून म्हणाली, "त्यात प्रयोग कसला करावयाचा?"

इतके ऐकल्यावर माझ्या मनात एक शंका आली. प्रत्येकाने वेगळे पाहावे, वेगळे बोलावे, हे ठीक. पण नुसते वेगळेपण म्हणजे बाजार. हल्ली ज्याला क्राउडसोर्सिंग म्हणतात (हा शब्द जेफ हाउ या पत्रकाराने २००६ साली रूढ केला) त्यात हजारो लोक हजार गोष्टी पाठवितात. त्यांतून एक काम उभे राहावयाचे कसे? कुंड्या शंभर असल्या तरी खाली बोगदा एकच लागतो. भाच्याने संगणकातील काही उदाहरणे दिली. ती मला नीट कळली नाहीत. पण त्यावरून मला आमच्याच घरचे एक उदाहरण आठवले, आणि त्याचे त्याला नवल वाटले. ते म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती.

ही संस्था १९१७ ची. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा आश्रय त्यामागे होता, आणि १९६६ साली ते पुरे झाले. मधल्या काळात प्रमुख संपादक तीन झाले: डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर, डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य. १९ खंड आणि १२५९ हस्तलिखिते. ज्यांनी आरंभ केला त्यांच्यापैकी फार थोडे शेवट पाहावयास उरले. सुखटणकर तर १९४३ सालीच गेले.

काम चालावयाचे कसे, ते पाहण्यासारखे आहे. आडव्या-उभ्या रेघांनी आखलेला एक मोठा कागद घ्यावयाचा. त्याच्या डोक्यावर छापील प्रतीतला एक श्लोक ठळक अक्षरांत लिहावयाचा. त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथी वाचणाऱ्याने तिच्यातला पाठ अक्षर-अक्षर करून, वरच्या अक्षराच्या बरोबर खाली, आपापल्या घरात भरावयाचा. उजवीकडे चार इंचांची जागा शेऱ्यांसाठी राखलेली. वाचणारे कोण? तर संस्थेतील शास्त्री आणि पदवीधर. पोथ्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या. एका माणसाला त्या सगळ्या कोठून येणार? काही पोथ्या तंजावरला वाचल्या गेल्या, काही शांतिनिकेतनात. आणि एकाने ताडलेली पोथी परत पाठविण्यापूर्वी दुसऱ्याने पुन्हा तपासावयाची, हा नियम.

यातील खरी मेख पुढे आहे. एखाद्या पाठाला शंभर पोथ्यांचा आधार आहे म्हणून तो खरा, असे सुखटणकरांनी मानले नाही. त्या शंभर पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या असतील तर त्या शंभर साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष शंभर वेळा उच्चारलेली. उलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, ज्यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव अगदी थोडा, त्या दोघी जर एकच अक्षर सांगत असतील तर त्या दोघींचे वजन मोठे. हाच तो गाल्टनचा बैल! तिकिटे किती यापेक्षा ती एकमेकांवरून उतरविलेली नाहीत ना, हे पाहावयाचे. पुण्यात टेबलाशी बसून शास्त्रीबुवांनी ही गोष्ट झुरिचच्या प्रयोगाआधी ऐंशी-नव्वद वर्षे वापरात आणली होती.

आणि ती आपल्याला जड गेली हेही सांगावयास हवे. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही कथा आपल्या घराघरांत आहे. कोपरगावकडचे नीलकंठ चतुर्धर काशीस जाऊन राहिले आणि त्यांनी ज्या पाठावर टीका लिहिली त्यातही ती आहे. पण एकमेकांपासून दूरच्या पोथ्यांनी तिला पाठिंबा दिला नाही. तेव्हा मंगलकार्याला प्रथम गणपती पुजणाऱ्या पुण्यात बसून त्या मंडळींनी ती कथा मूळ संहितेतून काढली आणि पुरवणीत ठेवली. फेकली नाही, पुरवणीत ठेवली. पुढे आदिपर्व १९३३ साली प्रसिद्ध झाल्यावर नेपाळच्या राजगुरू हेमराज पंडितांकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी हाती आली. तोवर ती कोणी ताडून पाहिलेली नव्हती. सुखटणकरांनी ती पाहिली आणि आपल्या सिद्ध केलेल्या पाठाला तिचा मोठा आधार मिळतो असे त्यांना आढळले. भाचा येथे उठून उभा राहिला. "मामा, याला आम्ही हल्ली फार मोठी नावे देतो," तो म्हणाला.

तो दुसऱ्या दिवशी गेला. जाताना म्हणाला, "तुमच्या वाचनालयाला पाणी आले की नाही अजून?"

आले नव्हते. टँकर येत होता. नवे अध्यक्ष तरुण आहेत, पन्नाशीचे. काका आता नव्वदीला टेकले, पण सल्लागार म्हणून येतात. यंदाच्या फाल्गुनात पाण्याचाच विषय पुन्हा निघाला तेव्हा मी चहाच्या आधी उठलो आणि म्हणालो की कोणीही काही बोलण्यापूर्वी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपले मत लिहावे, नाव घालू नये. काही जण हसले. मंडळात आता तीन भगिनी आहेत. त्यांनी पर्समधून पेने काढलीसुद्धा. मी एक चिठ्ठी शिपायालाही दिली. तो जुना शिपाई निवृत्त झाला, हा त्याचा मुलगा. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि मग भिंतीकडे तोंड करून लिहिले.

अकरा चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या चिठ्ठीत होते की निंबाच्या झाडाजवळ नवा बोअर घ्यावा. तसे आणखी एकाचे मत होते. एकाने लिहिले की टँकरच बरा. एकाने महापालिकेकडे पुन्हा अर्ज करण्याचे सुचविले. उरलेल्या सातांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती: आधी जुन्या आडाचा गाळ काढा. शिपायाच्या चिठ्ठीत तर किती मजूर लागतील तेही होते, आणि आड उन्हाळ्यातही बाजूने ओला राहतो असे त्याचे वडील सांगत, हेही.

नऊ दिवस गाळ निघाला. त्यातून दोन तांबे, एक कासांडी आणि फुटक्या पाट्यांचा ढीग वर आला. दहाव्या दिवशी सकाळी आत उतरलेला मजूर ओरडला, तेव्हा आम्ही सगळे काठावर जमलो. काठापासून सत्तावीस हातांवर, कडेच्या दगडातून पाणी सुटले होते. आजवर ते आटलेले नाही.

काका काठीवर भार देऊन आत वाकून पाहत होते. सातांपैकी एका चिठ्ठीवरचे वळणदार, थरथरते अक्षर मी ओळखले होते. मी हळूच म्हटले, "काका, तुम्हीही आडच लिहिला होता."

"तेव्हाही माझ्या मनात आडच होता रे," ते म्हणाले. "पण मला वाटले, तुम्हा मंडळींना काहीतरी नवीन हवे आहे."